प्रो. कार यांचा वास्तववाद

राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहाराचा विचार करणाऱ्यांत वास्तववादी व ध्येयवादी असे जे दोन तट पडले आहेत, त्यांचा झगडा प्रो. ई. एच. कार यांच्या ‘ट्वेन्टी इयर्स क्रायसिस’ या ग्रंथाइतक्या रोखठोकपणें क्वचितच कोणीं मांडला असेल. १९३९ सालीं, दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागतां लागतां, हें पुस्तक छापून निघालें. मौज अशी कीं, ॲबरिस्टविथ येथील ज्या अध्यासनावर बसून तें लिहिलें गेलें त्याला प्रेसिडेंट विल्सन यांचेंच नांव होतें, आणि ग्रंथांतील मुख्य रोख आहे तो विल्सन यांच्याच स्वप्नावर!

ग्रंथाचें बळ हितसंबंधांच्या सुसंवादाविषयींच्या प्रकरणांत आहे. शांतता सर्वांच्याच हिताची, हें वचन ऐकावयास गोड. पण तृप्त राष्ट्राच्या तोंडीं त्याचा अर्थ ‘आहे तें तसेंच असूं द्या’ एवढाच होतो, हें कार उघड करून दाखवितात. ते वीस वर्षें ब्रिटिश परराष्ट्र खात्यांत होते. १९१९ ची पॅरिसची परिषद त्यांनीं आंतून पाहिली होती. तेव्हां हें ज्ञान केवळ पुस्तकी नव्हे. कौटिल्य चाळलेल्या वाचकाला यांत दचकण्याजोगें फारसें नाहीं, ही गोष्ट निराळी. निव्वळ वास्तववाद माणसाला ध्येय देऊं शकत नाहीं, हेंही ते एका स्वतंत्र प्रकरणांत सांगतात. त्यांचे टीकाकार तें प्रकरण बहुधा वाचीत नाहींत.

आमचा आक्षेप निराळा आहे. पहिल्या आवृत्तींत म्यूनिकच्या १९३८ च्या वाटाघाटींचा उल्लेख, शांततेच्या मार्गानें मोठा बदल घडवून आणण्याचा अलीकडच्या काळांतील जवळांत जवळचा नमुना, असा आला आहे. १९४६ च्या आवृत्तींतून हा मजकूर गळाला. मत बदलणें हा दोष नव्हे. परंतु ज्या विचारामुळें तें मत बनलें, तो विचार जागच्या जागींच राहिला. बलाबल पालटलें कीं अतृप्त राष्ट्र मागणार आणि तृप्तानें कांहीं सोडावें, अशी ही मांडणी. मागणारा भयानें मागतो कीं हांवेनें, व मिळाल्यावर तो थांबेल काय, हें तींत विचारावयास जागाच नाहीं.

हा प्रश्न नवा नव्हता. १९०७ च्या जानेवारींत ब्रिटिश परराष्ट्र खात्यांतील आयर क्रो यांनीं आपल्या प्रसिद्ध टिपणांत तो घेतला. जर्मनीला वर्चस्व हवें आहे, कीं तिची ही केवळ अनिश्चित धडपड आहे? कांहींही असो, इंग्लंडला धोका सारखाच, सबब निवाड्याची गरज नाहीं, असें त्यांचें उत्तर. इकडे हें लिहिलें जात असतां तिकडे जर्मनींत, १८०७ त इंग्रजांनीं कोपनहेगनवर तोफा डागून डेन्मार्कचें आरमार काढून नेलें तशी गत आपलीही होईल, अशी धास्ती पसरली होती. पुढें १९०९ त चार युद्धनौका बांधाव्या कीं सहा, असा वाद लंडनच्या मंत्रिमंडळांत चालला, आणि अखेर मंजूर झाल्या आठ! जॉन हर्झ यांनीं १९५० सालीं ज्याला सुरक्षिततेचा पेंच असें नांव दिलें, तो हाच. स्वतःच्या रक्षणासाठीं उचललेलें शस्त्र शेजाऱ्याला हल्ल्याची तयारी दिसतें. तोही शस्त्र उचलतो. दोघांपैकीं एकही दुष्ट असावयास नको. पेंचाचें मूळ एवढेंच कीं, दुसऱ्याचें मन दिसत नाहीं. जर्मन आरमारामागें भय किती व महत्त्वाकांक्षा किती, हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. हिटलरच्या बाबतींत मात्र तशी शंका घेण्यास १९३९ च्या मार्चनंतर, प्राग पडल्यावर, कांहीं उरलें नव्हतें.

कार यांचा तराजू सत्ता अचूक तोलतो. लष्करी बळ, आर्थिक बळ आणि लोकमतावरील ताबा, अशीं तिचीं तीन अंगें त्यांनीं फोडून दाखविलीं आहेत. पण त्या तराजूंत १९०७ चा जर्मनी आणि १९३८ चा जर्मनी सारखेच भरतात. हर्झ यांचा पेंचही सर्वत्र लावून चालत नाहीं. जेथें एका बाजूला खरोखरच लुटारू बसला आहे तेथें तो फसवितोच.

ज्यांच्यापाशीं १९४६ ची आवृत्ति असेल त्यांनीं शांततामय बदलावरील प्रकरण वाचतांना पहिली आवृत्ति मिळवून शेजारीं ठेवावी, अशी आमची सूचना आहे. गळालेला मजकूर थोडाच आहे. तो गळाल्यानें पुढच्या युक्तिवादाला कोठें धक्का बसला आहे काय, हें वाचकांनीं स्वतःच पडताळून पाहावें.