सूक्ष्मजंतूंची ‘नगरी’ : एका रूपकाची चिकित्सा

वॉटनिक व कोल्टर यांनी २००० साली आपल्या लेखाच्या शीर्षकातच जैवपटलास, म्हणजे बायोफिल्मला, ‘सूक्ष्मजंतूंची नगरी’ म्हटले. जिवाणू म्हणजे द्रवात एकाकी तरंगणारा जीव, ही समजूत ढळविण्यास हे रूपक उपयोगी पडले. तथापि नगरी म्हटली की नगररचनाकार आलाच, आणि येथेच ते वाट चुकविते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी नमुना निर्जल करावा लागे. त्यामुळे पेशींभोवतालचा पाणीदार लेप आक्रसून जाई. १९९१ मध्ये लॉरेन्स, कॉस्टरटन प्रभृतींनी कॉन्फोकल लेसर सूक्ष्मदर्शकाने ओल्या, जिवंत पटलाचे प्रकाशीय छेद घेतले, तेव्हा पेशिपुंजांमधील पोकळ्या दिसल्या. त्यांत ‘रस्ते’ पाहण्याचा मोह स्वाभाविक होता.

परंतु २०१६ साली पटकीच्या जंतूचे पटल पेशीगणिक न्याहाळता आले. आरंभी आडव्या असलेल्या पेशी पुढे मध्यभागी उभ्या ठाकतात. बेरोझ प्रभृतींनी २०१८ मध्ये याचे यांत्रिक कारण मांडले : पृष्ठभागास चिकटून वाढणाऱ्या पेशींची दाटी होते व परस्परांच्या दाबाने त्या उभ्या होतात. येथे आराखडा नाही. वाढ, चिकटपणा व दाटी आहे.

जंतूंत रासायनिक संकेत असतात, हे खरे. किंबहुना पटकीच्या जंतूत संख्या दाटली की ते पटलनिर्मितीस आवर घालतात. पण संकेत ‘केव्हा’ हे ठरवितो. ‘कसे’ याचे श्रेय त्यास सर्वस्वी देता येत नाही.

रूपक टाकावे असे नव्हे. मात्र पटल मोडू पाहणाऱ्याने नगरपाल शोधावा की चिकटपणा, हे या विवेकावरच अवलंबून आहे.