दिग्दर्शकाचा अर्ज

नाटक बसवावयाचे असेल तर आधी अर्ज करावा लागतो, हे मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी कळले. तोपर्यंत आमच्या गावच्या हौशी नाट्यसंस्थेत दिग्दर्शक कसा ठरे, हे सांगितले तर वाचकांना हसू येईल. तालमीच्या खोलीची किल्ली ज्याच्या हाती, तो दिग्दर्शक. किल्ली चिटणिसांकडे असे आणि चिटणीस माझे मावसभाऊ होते. अशा रीतीने मी तीन नाटके बसविली. त्यांतले एक बरे झाले. उरलेल्या दोहोंबद्दल सणासुदीला बोलू नये.

गेल्या वर्षी कार्यकारिणी बदलली. नवे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांची मुलगी अमेरिकेत असते आणि तेथल्या एका हौशी नाट्यमंडळात हौसेने राबते. तिकडे अशा मंडळांची परंपरा शंभर वर्षांहून जुनी आहे. शिकागोचे ‘लिटल थिएटर’ १९१२ सालचे. ज्याला नाटक बसवावयाचे असेल त्याने लेखी प्रस्ताव द्यावयाचा, समितीने तो वाचावयाचा आणि मग मुलाखतीला बोलवावयाचे, असा तिकडच्या पुष्कळ मंडळांचा रिवाज. चिटणिसांनी मुलीकडून एक नमुना मागविला, त्याचे मराठी केले, आणि चार पानांचा छापील अर्ज आमच्या सूचनाफलकावर टाचणीने लटकला. जुनी मंडळी रागावली. मीही रागावलो. नाटक हे काय रेशनकार्ड आहे?

राग ओसरल्यावर विचार करता मला निराळे दिसू लागले. आपल्याकडे ‘दिग्दर्शक’ हा माणूसच मुळी उशिरा जन्माला आला. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हा खेळाचा सारा भार सूत्रधारावर होता. पुढे संगीत नाटकमंडळ्यांत तालीममास्तर आले. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांतले थोर नाव. नटाला वाक्य कसे उच्चारावे, हात कोठे ठेवावा, हे ते शिकवीत. पण सबंध नाटकाचा एक अर्थ लावून तो रंगमंचावर उभा करणारा माणूस म्हणून दिग्दर्शकाकडे लोक पाहू लागले ते साधारणपणे १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले त्या सुमारास. आणि १९५४ साली राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाल्यावर तर गावोगावच्या संस्थांना दिग्दर्शकावाचून गत्यंतर उरले नाही. असा हा माणूस. त्याची परीक्षा घ्यावयाची कशी, हे मात्र आम्ही कोणी ठरविलेच नव्हते. किल्लीने परीक्षा होत नाही. किल्ली माझ्याकडे होती तेव्हा नाटक बसवू इच्छिणाऱ्या दोन तरी मुली आणि एक शिंप्याचा हुशार पोरगा खोलीच्या बाहेर उभे होते, हे मला आता आठवते. त्या वेळी ते दिसले नव्हते.

तेव्हा मी अर्ज घेतला. नाटक निवडले गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’.

अर्जातले पुष्कळसे रकाने साधे होते. पात्रे किती, स्त्रीपात्रे किती, देखावे किती, खर्च अंदाजे किती, तालमी किती आठवडे. ‘लेखकाची परवानगी घेतली आहे काय?’ ह्या रकान्यापाशी मी जरा थबकलो. गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी गेले. नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला केला तो त्यानंतर महिन्याभराच्या आतच, २० फेब्रुवारीला. ज्याने लिहिले त्याने ते पाहिलेच नाही. मी रकान्यात ‘आवश्यकता नाही’ असे लिहिले आणि उगीचच अपराध्यासारखे वाटले.

खरा रकाना शेवटच्या पानावर होता. ‘हेच नाटक का?’ आणि खाली सहा रेघा.

मी त्या सहा रेघा एका बैठकीत भरल्या. मद्यपानाचे दुष्परिणाम, समाजप्रबोधन, मराठी रंगभूमीचा अमोल ठेवा, सिंधूच्या पातिव्रत्याचा परमोच्च बिंदू, वगैरे. सौभाग्यवतींना वाचून दाखविले. त्या भाजी निवडीत होत्या. म्हणाल्या, “अहो, ह्यातला सिंधूचा शब्द काढला तर हे कुठल्याही नाटकाला चालेल.” मी म्हटले, “समितीला असेच आवडते.” “मग द्या,” त्या म्हणाल्या.

त्या ‘मग द्या’मुळे मी पुस्तक पुन्हा उघडले. खरे सांगावयाचे तर पहिल्यानेच उघडले. ‘एकच प्याला’ मला माहीत होते ते पदांवरून, वडिलांच्या आठवणींवरून आणि शाळेतल्या एका प्रवेशावरून. पाचही अंक सलग असे मी कधी वाचलेच नव्हते, आणि अर्ज मात्र करीत होतो. माझ्यासारखे अर्जदार पुष्कळ असतात, असे आता मला ठाऊक आहे.

वाचता वाचता पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की हे दारूबंदीचे नाटक नव्हे. निदान आपण समजतो तसे नव्हे. सुधाकर पहिला प्याला घेतो तो चैन म्हणून नाही. कोर्टात त्याचा अपमान होतो, सनद काही काळापुरती जाते, आणि हा बुद्धिमान, मानी, अंमळ तिखट वकील त्या अपमानाने होरपळतो. तळीराम त्याला विस्मृतीचा उपाय सांगतो. येथपर्यंत सर्वांना माहीत असते. पण नाटकाचा कणा माझ्या मते पुढे आहे. सुधाकर दारू सोडतो. खरोखरच सोडतो. आणि पोटासाठी काम मागावयास जुन्या स्नेह्यांच्या दारी जातो. ते सभ्य, निर्व्यसनी, प्रतिष्ठित लोक त्याला उभे करीत नाहीत. तेथून तो परत येतो तो पुन्हा प्याल्याकडे. दुसऱ्यांदा त्याला पाडणारे हात दारूबाजांचे नसून पांढरपेशांचे आहेत, म्हणजे पहिल्या रांगेत बसणारांचे. हा प्रवेश बहुधा काटछाटीत जातो, कारण त्यात ना पद ना विनोद. मी पाहिलेल्या दोन प्रयोगांत तो निम्मा उरला होता. तो निम्मा केला की सुधाकर नुसता दुर्बळ माणूस होतो, आणि प्रेक्षक आपण तसे नाही ह्या समाधानात घरी जातो.

आता विनोदाविषयी. आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश, तळीरामाच्या आजारपणातले डॉक्टर-वैद्यांचे भांडण, हे इतके बहारदार आहे की त्यांनी नाटकाचा तोल जातो, असा आक्षेप टीकाकारांनी घेतलेला आहे. तो मला पूर्वी पटत असे. आता पटत नाही. हसताना आपण त्या मंडळाचे सभासद होतो. हशा पिकला नाही तर पुढला अंक नुसता रडका होईल. गडकऱ्यांच्या भाषेचा आक्षेप मात्र खरा आहे. अलंकारांची रास पडते, मरणाच्या दारातही कोट्या सुटतात, आणि आजच्या नटाच्या तोंडी ती वाक्ये जड जातात. सव्वादोन तासांत नाटक बसवावयाचे तर कात्री लावणे भाग आहे. मी रामलालची लांब भाषणे कापली, भगीरथ-शरदचे उपकथानक अर्ध्यावर आणले. विठ्ठल सीताराम गुर्जरांच्या पदांपैकी दोनच ठेवली. ह्याबद्दल मला शिव्या बसतील, आणि त्या रास्तही असतील. बालगंधर्वांनी सिंधू केली, तेव्हा लोक ती ऐकावयासच येत. पण माझ्याकडे गाणारी सिंधू नव्हती.

राहिली सिंधू. शेवटच्या अंकात सुधाकर नशेत तिला काठीने मारतो, तान्हे मूल जाते, ती मृत्युपंथाला लागते. फौजदार येतो. सिंधू सांगते की आपण पडलो. ह्या जागेबद्दल मी अर्जात ‘परमोच्च बिंदू’ लिहिले होते, आणि पुस्तक वाचल्यावरही ते तसेच ठेवले. का ठेवले? कारण दुसरे काय लिहावे हे सुचेना.

मुलाखतीला तिघे होते. चिटणीस, एक तरुण प्राध्यापक, आणि एक वयोवृद्ध बाई, ज्यांना सारा गाव ‘माई’ म्हणतो. माईंनी तरुणपणी ह्याच संस्थेत सिंधूचे काम केले होते. प्राध्यापकांनी प्रकाशयोजना विचारली, चिटणिसांनी खर्च विचारला. पंधरावर पात्रे म्हणताच त्यांचा चेहरा उतरला. माई गप्प होत्या. शेवटी त्यांनी माझा अर्ज चष्म्याजवळ धरला.

“हे परमोच्च बिंदू म्हणजे काय हो?”

मी म्हटले, “माई, ती नवऱ्याला वाचविण्यासाठी खोटे बोलते. त्यागाची सीमा.”

“प्रेक्षकांनी तेव्हा काय करावे?”

“म्हणजे?”

“टाळ्या वाजवाव्यात की काय?”

मला उत्तर आले नाही. मग माईंनी आपली हकीगत सांगितली. माझ्यापेक्षा जास्त वेळ त्याच बोलल्या. जवळच्या एका गावी प्रयोग होता. पडदा पडल्यावर बायका आत आल्या आणि त्यांनी माईंची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. एकीने पायांवर डोके ठेवले. “मी बावीस वर्षांची होते,” माई म्हणाल्या, “मला धन्य वाटलं. सोन्याचं पदक मिळतं तर एवढं वाटलं नसतं. पुढं संसार झाला, चार घरं आतून पाहिली. मग कधीतरी रात्री मनात यायला लागलं, त्या बायकांनी ओटी कुणाची भरली? माझी, का त्या खोट्या जबानीची? त्यांतली एखादी घरी गेली असेल आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हणाली असेल, मी पडले.”

खोलीत कोणी बोलले नाही. प्राध्यापक टाचणी वाकवीत बसले.

मी म्हटले, “मग ही जागा गाळावी असे आपले म्हणणे?”

“छे हो. गाळून कसं चालेल? नाटक तिथंच तर आहे. मी म्हणते, गीता कुठं असते तेव्हा?”

गीता ही तळीरामाची बायको. नवऱ्याविषयी जे मनात आहे ते ती उघड बोलते. तिला रीतभात नाही म्हणून प्रेक्षक हसतो. गडकऱ्यांनी एकाच नाटकात दारुड्यांच्या दोन बायका उभ्या केल्या, एक सोसणारी आणि एक न सोसणारी, आणि गाणी, करुणा, मरण, सारे पहिलीच्या ओंजळीत टाकले. दुसरीला विनोद दिला. पण दुसरी लिहिली तर त्यांनीच ना! लेखकाच्या मनात गीता नसती तर ती कागदावर कोठून येती? सिंधूची जबानी चालू असताना जिला ती पडलेली नाही हे ठाऊक आहे अशी एक बाई रंगमंचाच्या कडेला नुसती उभी राहिली, एक अक्षर न बोलता, तर टाळी वाजणार नाही. ओटीही भरली जाणार नाही. गडकऱ्यांचा एक शब्द न बदलता सबंध प्रवेश फिरेल. हे मला त्या खुर्चीवर बसल्या बसल्या सुचले. म्हणजे माईंनी सुचविले.

मी चिटणिसांना म्हटले, “एवढ्या सहा रेघा मला पुन्हा लिहू द्या.” ते भला माणूस, पण बँकेतले. “मुदत संपल्यावर अर्जात फेरफार करता येत नाही,” म्हणाले.

येथेच ह्या पद्धतीशी माझे भांडण आहे. अर्ज विचारतो, तुम्हांला काय माहीत आहे. तालमीत नट अडतो, कोणी भलताच प्रश्न विचारतो, आणि दिग्दर्शकाला आपले अज्ञान सापडते. तेथून पुढे नाटक बसू लागते. हे सारे तीन महिने आधी रकान्यात लिहून द्या म्हटले की माणूस ‘परमोच्च बिंदू’ लिहितो. पण ह्याच अर्जाने मला पुस्तक उघडावयास लावले आणि माईंच्या समोर नेऊन बसविले, हेही खरे. किल्लीच्या काळात मी ‘एकच प्याला’ बसविले असते, टाळी घेतली असती आणि माईंना पहिल्या रांगेतला पास पाठविला असता.

निवड माझी झाली नाही. पाच पात्रांचा, एका दिवाणखान्यात घडणारा एक फार्स निवडला गेला. दिग्दर्शिका तिशीतली मुलगी. पूर्वी खोलीबाहेर उभ्या असलेल्यांपैकी एकीची धाकटी बहीण. प्रयोग झकास झाला. मी दारावर तिकिटे फाडीत होतो आणि आतला हशा ऐकत होतो. कुरकूर करावयास जागा नव्हती, तरी थोडी केली.

यंदाचा अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. पात्रांची संख्या कमी केली. डॉक्टर आणि मद्यपी मंडळातला एक सभासद ही दोन्ही कामे एकच नट करील. गीतेसाठी शिक्षिकेचे काम करणाऱ्या एका मुलीला विचारले, तर ती म्हणाली, “काका, सिंधू दिलीत तर नको, गीता दिलीत तर येते.” नोकरीसाठी दारोदार हिंडण्याचा प्रवेश पूर्ण ठेवला आहे; त्यापायी रामलालचे आणखी दीड पान गेले. शेवटच्या सहा रेघांपैकी चार लिहून झाल्या आहेत. पाचवीवर गीता कोठे उभी राहील एवढेच लिहिले आहे: उजवीकडे, जात्याजवळ. सहावी कोरी आहे. परवा माईंकडे फराळाला जावयाचे आहे, तेव्हा अर्ज बरोबर नेणार आहे.