होर्टेनच्या पंखात कोळसा होता का?

मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं की पुढच्या वेळी युरिया-फॉर्मल्डिहाइडबद्दल लिहीन. ते आज येतंय, पण जरा आडवाटेनं.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा बहिणीच्या मुलाला घेऊन नगरचं टँक म्युझियम बघायला गेले. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या घरात अजून ‘नगर’च चालतं, तेच इथं चालू दे.) आर्मर्ड कोअरच्या केंद्रानं १९९४ साली उभं केलेलं हे संग्रहालय. चर्चिल, माटिल्डा, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन, आपला विजयंता, पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन, आणि एक जर्मन चिलखती गाडीसुद्धा. त्या गाडीपाशी थांबून पोरगं म्हणालं, “मावशी, हिटलरचं ते अदृश्य विमान इथं नाही का?”

त्यानं मोबाइलवर क्लिप पाहिली होती. वटवाघळासारखं, शेपूट नसलेलं विमान, रडारला दिसत नाही, युद्ध अजून थोडं लांबलं असतं तर जगाचा इतिहासच बदलला असता, वगैरे. मी हसले खरी. पण सातवी-आठवीत असताना मीही हेच बघितलं होतं आणि तितकीच भारावले होते. त्या क्लिपचं मूळ म्हणजे नॅशनल जिऑग्राफिकचा २००९ सालचा ‘हिटलर्स स्टेल्थ फायटर’ हा माहितीपट. रात्री सगळे झोपल्यावर तो लॅपटॉपवर पुन्हा पाहिला. आता मी लाकूड आणि गोंद यांच्या म्हातारपणावर पीएचडी करतेय, त्यामुळे नजर बदललेली. जे दिसलं ते इथं लिहितेय.

आधी थोडी पार्श्वभूमी. बॉनचे होर्टेन बंधू, वॉल्टर आणि रायमार (तिसरा वोल्फ्राम युद्धात गेला). पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहानं जर्मनीवर लष्करी विमानांची बंदी घातली, त्यामुळे तिथल्या पोरांची हौस ग्लायडरकडे वळली. होर्टेननी १९३३ मध्ये पहिलं ग्लायडर उडवलं, त्यात फक्त पंख. धड नाही, शेपूट नाही. पुढच्या वर्षी ते वासरकुप्पेच्या डोंगरावरच्या स्पर्धेत नेलं आणि स्पर्धा संपल्यावर घरी न्यायची सोय नाही म्हणून जाळून टाकलं! मग दुसरं, तिसरं, चौथं. चौथ्याचा, म्हणजे १९४१ च्या एच-४ चा, पंखविस्तार सुमारे २० मीटर. वैमानिक त्यात बसत नाही, गुडघे टेकून, पालथा होऊन, हनुवटी आधारावर ठेवून पंखाच्या आत शिरतो. सहाव्याचा विस्तार २४ मीटर आणि पंख इतका अरुंद की जमिनीवर हाताळतानाही लवायचा.

शेपूट नसलेलं विमान सरळ कसं उडतं? पंख मागे झुकवलेला असतो आणि टोकाकडे हळूहळू पिळत नेलेला, म्हणजे टोकं मधल्या भागापेक्षा कमी कोनात हवा कापतात. मागे असलेली ही टोकंच शेपटीचं काम करतात. आपल्या सह्याद्रीत टेटूचं झाड आहे ना, तलवारीसारख्या लांब शेंगांचं? त्याची शेंग फुटली की पातळ, कागदासारख्या पंखांच्या बिया तरंगत लांब जातात. त्याही शेपटीविनाच.

आता माहितीपट. त्याचा नायक ग्लायडर नाही, एच-९ हे जेट आहे. याचा पहिला नमुनासुद्धा इंजिनाविना, ग्लायडर म्हणूनच मार्च १९४४ मध्ये उडाला होता. दुसरा इंजिनं बसवून उडाला आणि १८ फेब्रुवारी १९४५ ला पडला, त्यात वैमानिक एर्विन त्सिलर गेला. तिसरा अर्धवट अवस्थेत अमेरिकन सैन्याला फ्रीडरिखरोडाला सापडला. तो आज स्मिथसोनियनकडे आहे. माहितीपटासाठी नॉर्थ्रॉप ग्रमन कंपनीनं त्याची पूर्ण आकाराची लाकडी प्रतिकृती बांधली, खांबावर चढवली आणि तिच्यावर ब्रिटिशांच्या ‘चेन होम’ रडारच्या लहरी सोडल्या. ती प्रतिकृती आता सॅन दिएगोच्या संग्रहालयात आहे.

काम मनापासून केलंय हे मान्यच करायला हवं. कॅमेरा सुतारांच्या हातांवर रेंगाळतो, ते मला फार आवडलं. पण निष्कर्ष काय? त्या काळच्या मेसरश्मिट १०९ च्या तुलनेत हे विमान रडारला साधारण २० टक्के कमी अंतरावर दिसलं असतं. एवढंच. मग ‘स्टेल्थ’ हा शब्द शीर्षकात आला कुठून?

इथं जरा गणित करू, सोपं आहे. रडारकडे परतणारा प्रतिध्वनी अंतराच्या चौथ्या घातानं क्षीण होतो. म्हणजे पल्ला २० टक्के घटवायचा असेल तर विमानाचं ‘दिसणं’ ०.८ च्या चौथ्या घाताइतकं, सुमारे ०.४१ पट करावं लागतं. दिसणं निम्म्याहून कमी केलं तरी शत्रूला तुम्ही ८० टक्के अंतरावरून दिसताच. हे पडद्यावर सांगितलं असतं तर प्रेक्षकाला २० टक्क्यांमागची मेहनतही कळली असती आणि मर्यादाही. दुसरी गोष्ट, चेन होमच्या लहरींची लांबी १० ते १५ मीटर. विमानाचा पंख १६-१७ मीटरचा. लहर आणि वस्तू जवळपास एकाच मापाच्या असल्या की वस्तूच्या कडा किती गुळगुळीत आहेत याला फारसा अर्थ उरत नाही. आणि पंख लाकडाचा असला तरी मधला सांगाडा पोलादी नळ्यांचा होता आणि पोटात दोन जेट इंजिनं. ती कुठं लपवणार? लाकडाचं म्हणाल तर ब्रिटिशांचं मॉस्किटोही लाकडीच होतं, त्याला कुणी अदृश्य म्हणत नाही.

पण ही गोष्ट तगली ती कोळशामुळे. १९८३ च्या सुमारास, म्हणजे युद्ध संपून जवळजवळ ४० वर्षांनी, अर्जेंटिनात राहणाऱ्या रायमारनं लिहिलं की लाकडाच्या थरांमध्ये गोंद, भुसा आणि कोळशाची पूड भरून रडारच्या लहरी शोषायचा बेत होता. बेत! तोही कारखान्यात पुढं बनणार असलेल्या विमानांसाठी. माहितीपटात हा बेत हळूहळू वस्तुस्थिती होत जातो. प्लायवुडच्या कापलेल्या कडेवर काळे ठिपके दिसतात, संगीत चढतं, आणि झालं.

नंतर स्मिथसोनियनच्या संवर्धकांनी त्या तिसऱ्या नमुन्याच्या लाकडाचा आणि गोंदाचा रीतसर तपास केला. कोळशाचा किंवा कार्बन ब्लॅकचा पुरावा मिळाला नाही.

हा तपास शक्य का झाला, ते मला या सगळ्यात सर्वात मोलाचं वाटतं. त्या विमानाला इतकी वर्षं कुणी ‘नवं’ केलेलं नव्हतं. प्लायवुडचे पापुद्रे सुटलेले, रंग उडालेला, दिसायला अगदी केविलवाणं. हौशी लोक कितीतरी वर्षं चिडून विचारत होते की हे दुरुस्त का करत नाही. केलं असतं तर काय झालं असतं? जुनं प्लायवुड काढलं असतं, सांधे खरवडले असते, त्यात आजचा इपॉक्सी भरला असता. विमान झकास दिसलं असतं, आणि कोळसा होता की नव्हता हा प्रश्न कायमचा हवेत राहिला असता. त्या सुटलेल्या पापुद्र्यांतच उत्तर होतं.

आता माझा विषय. लाकडी ग्लायडर म्हणजे शेवटी काय, पातळ फळ्या आणि त्यांना धरून ठेवणारा गोंद. १९३० पर्यंत हा गोंद मुख्यतः केसिनचा असे, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. पकड उत्तम, पण ओल लागली की बुरशीला मेजवानी. मग जर्मनीत ‘काउरिट’ हा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद आला. बुरशी लागत नाही, गार असतानाच आम्लाच्या साहाय्यानं घट्ट होतो, युद्धकाळात वरदानच. पण याची साखळी ज्या बंधांनी जोडलेली असते ते पाणी आणि उष्णता मिळाली की हळूहळू तुटतात, आणि घट्ट करायला वापरलेलं आम्ल आत शिल्लक असेल तर ते या तुटण्याला मदतच करतं, शेजारच्या लाकडालाही खातं. थर जाड राहिला असेल तर तो काचेसारखा तडकतो. बाहेरून बघाल तर सांधा ठणठणीत, आतून पावडर. म्हणून जुन्या ग्लायडरचे तपासनीस पंखावर बोटानं टिचक्या मारत आवाज ऐकतात. आमच्या लॅबमध्ये हेच जरा महागड्या पद्धतीनं करतो: नमुने गरम-दमट पेटीत ठेवायचे, दर आठवड्याला एक काढायचा आणि इन्फ्रारेडखाली कुठला बंध किती कमी झाला ते मोजायचं. एक जिद्दी नमुना गेले चार महिने मला दाद देत नाहीये, पण ते रडगाणं पुन्हा कधीतरी.

म्हणूनच नगरच्या म्युझियममधल्या रणगाड्यांचं गणित होर्टेनला लावता येत नाही. रणगाडा म्हणजे इंचांच्या मापातलं पोलाद. उन्हापावसात उभं राहायचं तर गंज काढून रंग द्यावाच लागतो, आणि रंगाखाली पोलाद तेच राहतं. लाकडी ग्लायडरला असं ‘तेच’ काही उरत नाही. कापड बदललं, गोंद बदलला, चार फासळ्या बदलल्या की वस्तूतली निम्मी माहिती गेली.

मग जुनी ग्लायडर दुरुस्त करूच नयेत का? माझं मत इतकं सोवळं नाही. स्मिथसोनियननं १९९० च्या दशकात आपल्याकडची काही होर्टेन ग्लायडर बर्लिनच्या तंत्रज्ञान संग्रहालयाकडे दुरुस्तीला दिली. एक एच-४ म्युनिकजवळ श्लाइसहाइमला बघायला मिळतं. या वस्तू लोकांसमोर उभ्या आहेत त्या कुणीतरी हात लावला म्हणूनच. आणि उडणाऱ्यांची बाजूही मला पटते. एक एच-४ युद्धानंतर अमेरिकेत गेलं, रूडी ओपिट्झनं ते १९५२ च्या राष्ट्रीय स्पर्धेत उडवलं, पुढं मिसिसिपीच्या विद्यापीठातल्या लोकांनी हवेत नेऊन त्याची मोजमापं घेतली. कामगिरी चांगली, पण कागदावरच्या दाव्यापेक्षा कमी निघाली. हे कळायला ते उडावंच लागलं, नुसतं बघून कळलं नसतं. माझी तक्रार एवढीच आहे की काय बदललं आणि काय मूळचं ते वस्तूवर दिसलं पाहिजे. नवी फासळी जुनी दिसावी म्हणून तिला पॉलिश मारणं ही कारागिरी खरी, पण पुढच्या संशोधकाची ती फसवणूक आहे.

माहितीपटावरचा माझा खरा राग मात्र वेगळाच आहे. ‘स्टेल्थ’च्या नादात होर्टेनचं जे अस्सल काम होतं ते त्यात हरवलं. उचल पंखभर कशी वाटायची, हा तो प्रश्न. पाठ्यपुस्तकात लंबवर्तुळाकार वाटप सर्वोत्तम म्हणून शिकवतात. पण १९३३ मध्ये लुडविग प्रांटलनं दाखवलं होतं की पंखाचा विस्तार ठरलेला नसून त्याची ताकद ठरलेली असेल, तर उचल घंटेच्या आकारात वाटलेली बरी: पंख २२ टक्के लांब होतो आणि उचलीमुळे येणारा अवरोध ११ टक्के घटतो. रायमारनं हेच घंटेचं वाटप ग्लायडरमध्ये उतरवलं, आणि अर्जेंटिनात गेल्यावरही त्याच दिशेनं काम करत राहिला. त्याचं उरुबू हे दोघांचं ग्लायडर १९५६ मध्ये आंदीज ओलांडून गेलं. गेल्या दशकात नासाच्या अल बोवर्स यांनी लहान मॉडेलं उडवून हा विचार पुन्हा तपासला. यात हिटलर नाही, रडार नाही, म्हणून बहुतेक यावर क्लिपही नाही. (होर्टेन बंधू लुफ्तवाफेचे अधिकारी होते आणि एच-९ बॉम्ब टाकण्यासाठी होतं, हे विसरून ‘जर्मन कौशल्य’ म्हणून आरती ओवाळायची नाही. तेही त्या क्लिपमध्ये भरपूर आहे.)

आपल्याकडे या गोष्टीचं एक पान हडपसरला आहे. तिथल्या ग्लायडिंग सेंटरवर मी पहिल्यांदा विंचच्या दोरीनं ओढलेलं ग्लायडर वर जाताना पाहिलं, दोर सुटल्यानंतरची ती शांतता अजून कानात आहे. आपल्या नागरी विमान खात्यानं १९५० नंतर स्वतःची लाकडी ग्लायडर बनवली आणि त्यांना नक्षत्रांची नावं दिली: अश्विनी, रोहिणी, भरणी, कार्तिक. दमट पावसाळा आणि मे महिन्याचं ऊन यांत त्यांच्या सांध्यांचं काय झालं असेल, हा प्रश्न मला कुठल्याही अदृश्य विमानापेक्षा जास्त सतावतो. कुणाकडे अशा ग्लायडरचा तुटका तुकडा पडून असेल तर कृपया रंग देऊ नका, मला कळवा.

भाच्याला दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, “म्हणजे ते आत काळं काळं होतं ते काय होतं?” मी म्हटलं, जुनं लाकूडही काळं पडतं रे. त्याला देवघर दाखवलं. आमचे आजोबा सुतार, सरस शिजवून फळ्या जोडायचे, हे देवघर त्यांनीच केलेलं. त्याचा डावीकडचा सांधा सुटलाय आणि आतली कड काळी झालीय. आई गेली दोन वर्षं म्हणतेय की फेविकॉल लाव. मी अजून लावलेला नाही. पोरानं ब्लेडनं काळजीपूर्वक थोडी खरवड काढून औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून दिली. मंगळवारी इन्फ्रारेडचा स्लॉट मिळालाय.