ठशातले चेहरे : जपानच्या युद्धचित्रांकडे पाहताना

नववीच्या मुलांना आधुनिक जगाचा इतिहास शिकवताना एकदा मी वर्गात एका जपानी चित्राची मोठी रंगीत प्रत घेऊन गेलो. चित्र १८९४ चे, चीन-जपान युद्धातले. काळ्या गणवेशातले सैनिक रांगेने पुढे सरसावत आहेत आणि त्यांच्यासमोर रंगीबेरंगी अंगरख्यांतले शत्रू सैरावैरा पळत आहेत. मी काही सांगण्याआधीच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, ये गोरे कौन हैं? अंग्रेज?" मी म्हटले, "नाही, हे जपानी." वर्ग हसला. मग त्याच मुलाने पळणाऱ्यांकडे बोट दाखवून विचारले, "और ये?" मी सांगितले, "हे चिनी." मुलगा थोडा वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "इनको तो कार्टून जैसा बनाया है."

त्या दिवशी माझा पाठ तिथेच संपला असे म्हटले तरी चालेल. दोन शेजारी देश, एका लिपीचे, एका ज्ञानपरंपरेचे. त्यांतला एक चित्रात युरोपियन होतो आणि दुसरा विदूषक. हे कसे घडले, आणि ज्यांनी ते घडवले ते इतके थोर कलावंत कसे होते, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. म्हणून हा लेख.

लाकडी ठशांवरून छापलेल्या चित्रांची जपानमधील परंपरा जुनी आहे. १७६५ च्या सुमारास त्यात अनेक रंगांची छपाई सुरू झाली. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा कारागीर ते चेरीच्या फळीवर कोरी, प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी तयार होई, आणि छापणारा तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद फळीवर ठेवून गोल चकतीने पाठीमागून घासत असे. पैसा आणि जोखीम प्रकाशकाची. नट, गणिका, निसर्गदृश्ये, जुन्या काळातले वीर हे यांचे विषय. चालू काळातील राज्यकर्ते आणि घडामोडी चित्रात आणायला शोगुनांच्या राजवटीत मनाई होती. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी ही कला होती आणि सत्तेपासून तिला लांबच ठेवलेले होते.

१८६८ मध्ये शोगुनशाही संपली, सम्राट मेइजी राज्याच्या केंद्रस्थानी आला आणि चित्राचा विषयही बदलला. शतकानुशतके पडद्याआड असलेला सम्राट आता लष्करी गणवेशात, बग्गीत, संचलनात, घोड्यांच्या शर्यतीत दिसू लागला. अशी चित्रे काढणाऱ्यांत योशू चिकानोबू (१८३८-१९१२) आघाडीवर होता. गंमत अशी, की १८६८ च्या यादवीत हाच चिकानोबू शोगुनच्या बाजूने सम्राटाच्या फौजेविरुद्ध लढला होता. ज्याच्याविरुद्ध शस्त्र धरले त्याचीच मिरवणूक पुढे रंगवायची, हे पोटासाठी होते की मनापासून, ते चित्रांवरून कळत नाही. त्यांत लाल आणि जांभळे रंग भडक आहेत, गालिचे आणि झुंबरे बारकाईने काढली आहेत, सम्राज्ञीच्या युरोपियन झग्याची चूण न चूण दिसते. चेहरे मात्र सगळे सारखेच, कोरे.

११ फेब्रुवारी १८८९ रोजी जपानची राज्यघटना जाहीर झाली. त्या समारंभाची अनेक चित्रे निघाली. सम्राट उंच आसनापाशी, समोर मान झुकवलेले मंत्री, सगळ्या रेषा त्याच्याकडे धावणाऱ्या. ही चित्रे काढणारे बहुतेक जण सभागृहात नव्हतेच. तोक्योत राहणारे जर्मन डॉक्टर एर्विन बेल्झ यांनी दोन दिवस आधी रोजनिशीत नोंदवले होते, की सारे शहर सजले आहे, पण घटनेत काय लिहिले आहे ते कोणालाच ठाऊक नाही. आणखी एक गोष्ट चित्रांत नाही. त्याच सकाळी शिक्षणमंत्री मोरी आरिनोरी यांना एका तरुणाने भोसकले. एका पवित्र देवस्थानाचा त्यांनी अवमान केला, अशी वदंता होती. दुसऱ्या दिवशी ते वारले. समारंभाच्या चित्रात रक्ताचा थेंब नाही, नुसता लाल गालिचा आहे.

मी शिक्षक असल्यामुळे या दरबारी चित्रांपेक्षा एका वेगळ्या तसबिरीपाशी जास्त थांबतो. सम्राटाच्या छायाचित्रांची खुली विक्री सरकारने १८७४ मध्येच बंद केली होती. पुढे १८८८ मध्ये एदोआर्दो किओस्सोने या इटालियन कलावंताने सम्राटाचे एक चित्र रेखाटले, त्याचे छायाचित्र घेतले गेले आणि त्याच्या प्रती शाळाशाळांत पोचल्या. १८९० मध्ये शिक्षणविषयक शाही आज्ञापत्र निघाले. ठरावीक दिवशी तसबीर उघडायची, आज्ञापत्र वाचायचे, सर्वांनी वाकायचे. बाजारातल्या ठसाचित्रात सम्राट दिसत होता, पण शाळेतल्या तसबिरीकडे डोळे वर करून पाहायचेही नव्हते. बघण्याचे हे दोन धडे एकाच वेळी दिले जात होते.

त्या काळातले दोन शिक्षक मला विसरता येत नाहीत. पहिले उचिमुरा कान्झो. धर्माने ख्रिस्ती. जानेवारी १८९१ मध्ये सम्राटाची सही असलेल्या आज्ञापत्रापुढे ते पुरेसे वाकले नाहीत, म्हणून देशभर गदारोळ झाला आणि त्यांची नोकरी गेली. दुसरे कुमे नावाचे मुख्याध्यापक, लेखक कुमे मासाओ यांचे वडील. १८९८ मध्ये त्यांच्या शाळेला आग लागली, तसबीर जळाली, आणि त्या अपराधाबद्दल त्यांनी स्वतःचा जीव घेतला. मुलाने पुढे या मृत्यूवर कथा लिहिली. आपल्या घरांत तसबिरीचा विषय निघाला की चर्चा बहुतेक जायज की नाजायज इथेच संपते. भिंतीवरची तसबीर माणसाकडून काय करून घेते, हा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. तो विचारायला या दोन शिक्षकांनी मला भाग पाडले.

आता युद्ध. १ ऑगस्ट १८९४ रोजी जपान आणि चीन यांनी एकमेकांविरुद्ध युद्ध पुकारले आणि एप्रिल १८९५ मध्ये तह झाला. जपानी साहित्याचे अभ्यासक डोनाल्ड कीन यांच्या अंदाजाने एवढ्या थोड्या काळात सुमारे ३००० युद्धचित्रे निघाली. म्हणजे दिवसाला दहाएक नवी चित्रे! बहुतेक चित्रे तीन कागद शेजारी शेजारी लावून पूर्ण होणारी. चित्रकार बहुधा तोक्योतच बसलेले, हातात वर्तमानपत्रातली बातमी. मिझुनो तोशिकाताच्या सोंगह्वानच्या लढाईच्या चित्रात तर लढाई पाहणारे वार्ताहर आणि चित्रकारही काढले आहेत. आम्ही डोळ्यांनी पाहिले, अशी ग्वाहीच जणू चित्राने स्वतः दिली आहे.

त्याच सोंगह्वानच्या लढाईतला बिगूलवाला घ्या. गोळी लागली, प्राण गेला, तरी ओठांवरचा बिगूल सुटला नाही, अशी ही कथा. चित्रांनी ती घराघरात नेली. आधी त्याचे नाव शिराकामी गेन्जिरो सांगितले गेले. नंतर दुरुस्ती झाली, तो म्हणे किगुची कोहेई. नाव बदलले, चित्र तेच राहिले, आणि पुढे सरकारी नीतिपाठाच्या पुस्तकांतून लहान मुलांच्या तोंडी बसले. मेलेला मुलगा कोण होता याला महत्त्व उरले नव्हते, फक्त कसे मरावे एवढे शिकवायचे होते.

या सगळ्यांत सर्वांत मोठा कलावंत कोबायाशी कियोचिका (१८४७-१९१५). तोही शोगुनच्या चाकरीतल्या घरातला, सत्तापालटाने उघडा पडलेला. १८७६ ते १८८१ या काळात त्याने बदलत्या तोक्योची जी चित्रे केली, ती कंदिलाच्या उजेडाची, पावसाची, तिन्हीसांजेची आहेत. सावल्यांसारखी माणसे एकटी चाललेली असतात. युद्ध आले आणि याच हाताने सत्तरहून अधिक तीन-पानी युद्धचित्रे केली. उजेडावरची हुकमत तीच, पण आता तो उजेड तोफेच्या भडक्याचा. पीत समुद्रातील लढाईचे त्याचे एक चित्र पाहा. चित्राचा मोठा भाग पाण्याखाली आहे. वर जहाजे पेटली आहेत, खाली चिनी युद्धनौका आणि माणसे बुडत आहेत. हे चित्र पाहताना शत्रूबद्दल तिरस्कार वाटत नाही, घशाशी काहीतरी येते. कियोचिकाला त्यांची कणव आली होती का? मला वाटते, त्याच्या डोळ्यांना आली होती, पण चित्राच्या मथळ्याला नाही. खरेदी करणाऱ्याने ते विजयाचे चित्र म्हणूनच घरी नेले. आणि याच कियोचिकाने चिनी माणसाची टर उडवणारी व्यंगचित्रांची मालिकाही त्याच काळात काढली. एकाच माणसात दोन्ही होते. थोर कला माणसाला आपोआप न्यायी करत नाही, हे मान्य करायला जड जाते, पण मान्य करावे लागते.

आता पुन्हा माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळू. १८८५ मध्ये 'जिजी शिंपो' या वर्तमानपत्रात आलेला एक लेख फुकुझावा युकिची यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. जपानने आशियाची संगत सोडावी, असे त्याचे म्हणणे होते. नऊ वर्षांनी ठसाचित्रांनी तेच रंगात सांगितले. जपानी सैनिक उंच, ताठ, मिशाळ, गोरा. चिनी सैनिक वेणीवाला, तोंड वासलेला, एकमेकांवर कोसळणारा. आणि ज्याच्या भूमीवर हे युद्ध सुरू झाले तो कोरियन माणूस? तो क्वचितच दिसतो, दिसला तर कडेला. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. चित्रांत त्याला जागा नव्हतीच. नोव्हेंबर १८९४ मध्ये पोर्ट आर्थर जिंकल्यावर तिथे नागरिकांची कत्तल झाली. जेम्स क्रीलमन या अमेरिकन वार्ताहराने ती जगासमोर आणली. ठसाचित्रांत पोर्ट आर्थर म्हणजे नुसता जयजयकार.

कत्तल दडवली, पण शिरच्छेद मात्र दाखवला. उतागावा कोकुनिमासा याच्या ऑक्टोबर १८९४ च्या चित्रात जपानी सैनिक चिनी कैद्यांची मुंडकी उडवत आहेत. कैद्यांनी दंगा केला म्हणून ही शिक्षा, असे चित्राचे म्हणणे. एप्रिल २००६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संकेतस्थळावर जॉन डावर आणि शिगेरु मियागावा यांचा या चित्रांवरील अभ्यास ठळकपणे झळकला. हे चित्र पाहून चिनी विद्यार्थी दुखावले, निषेध झाला, पाने काही काळ काढून घ्यावी लागली. डावर यांचा हेतू वंशद्वेष उघडा पाडण्याचा होता, आणि तो अभ्यास मोलाचाच आहे. पण त्या विद्यार्थ्यांचे दुःखही मला कळते. आपला माणूस ज्या चित्रात पशू म्हणून काढला आहे, ते चित्र शंभर वर्षांनी 'सुंदर' म्हणून समोर आले की काय वाटते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. दाढी, टोपी, हातात तलवार, लाल डोळे अशी चित्रे आपणही पाहिली आहेत. तरीही मी म्हणेन, चित्र झाकू नये. समजावून दाखवावे, आणि दाखवताना कोण समोर बसले आहे ते पाहावे.

पण फक्त दुखावलेल्यांच्या बाकावर बसून आपल्याला हा विषय संपवता येणार नाही. १९०४-०५ मध्ये जपानने रशियाला हरवले तेव्हा सारा पूर्वेकडचा मुलूख हरखला. 'केसरी'ने ते कौतुकाने लिहिले. इजिप्तमध्ये मुस्तफा कामिल यांनी जपानवर 'उगवता सूर्य' या अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले, हाफिज इब्राहिम यांनी जपानी युवतीवर कविता केली. उर्दूत जफर अली खान यांनी 'जंग-ए-रूस-ओ-जापान' हे नाटक लिहिले. गोऱ्या साम्राज्याचा गर्व उतरला, याचा तो आनंद होता आणि तो खोटा नव्हता. पुढे हैदराबाद संस्थानाचे शिक्षणप्रमुख रॉस मसूद १९२२ मध्ये जपानला गेले आणि १९२३ मध्ये तिथल्या शिक्षणपद्धतीवर त्यांनी पुस्तक लिहिले. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. मातृभाषेतून उच्च शिक्षण देता येते याचा दाखला जपानने दिला, आणि उर्दू माध्यमाचा शिक्षक म्हणून मीही त्याचा ऋणी आहे. पण त्याच शाळांत तसबिरीपुढे वाकणारी मुले होती, आणि कोरियातल्या शाळांत जपानी भाषा लादली जात होती. आम्ही उगवता सूर्य पाहिला. त्याची झळ कोणाला बसते ते पाहिले नाही.

आणि इथे मला पुन्हा उचिमुरा आठवतात. तसबीर-आज्ञापत्रापुढे न वाकलेला हा माणूस १८९४ च्या युद्धाच्या वेळी मात्र वाहवला. युद्ध न्याय्य आहे, असे त्याने इंग्रजीत लिहून जगाला सांगितले. युद्धानंतर त्याला पश्चात्ताप झाला. १९०३ मध्ये रशियाशी युद्धाची भाषा सुरू झाली तेव्हा त्याने उघड विरोध केला आणि ज्या वर्तमानपत्रात लिहीत होता ते सोडले. आपला धर्म सांभाळण्यासाठी तो एकदा ताठ उभा राहिला. दुसऱ्याच्या चेहऱ्यासाठी उभे राहायला त्याला आणखी काही वर्षे लागली. मला हा दुसरा उचिमुरा अधिक मोठा वाटतो.

रशियाशी युद्ध झाले तेव्हा छायाचित्रे आणि पोस्टकार्डे आली होती. लाकडी ठशाचे दिवस सरत आले. फळ्या गेल्या, नजर राहिली.

वर्गातली ती प्रत मी अजून जपून ठेवली आहे. दरवर्षी दाखवतो. आधी मुलांना चित्र मनसोक्त पाहू देतो. रंग, रेषा, धूर, सारे. कारण सौंदर्य नाकारून टीका करता येत नाही. मग एकच काम देतो : या चित्रात ज्याचा चेहरा नीट काढलेला नाही, असा एक माणूस निवडा आणि त्याचा चेहरा वहीत काढा. गेल्या वर्षी एका मुलीने पळणाऱ्या चिनी शिपायाचा चेहरा काढला. खाली उर्दूत लिहिले होते, "इसकी अम्मी घर पर हैं." मी वहीवर सही केली. गुण दिले नाहीत.