आधी कुंपण बघा

‘अकबरनामा’तल्या शिकारीच्या चित्राबद्दल बोलताना जाणकार मंडळी रेषेचं, रंगांचं आणि बादशहाच्या मर्दुमकीचं कौतुक करतात. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. तिसरी पटत नाही.

हे चित्र १५६७ साली लाहोरजवळ झालेल्या शिकारीचं. मांडणी मिस्किना या चित्रकाराची. आज ते लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. शिकारीच्या या रीतीला ‘कमरगाह’ म्हणत. हजारो हाकारे दूरवर कडं करून उभे राहायचे आणि दिवसेंदिवस आत सरकत जनावरं पुढे रेटायचे. घेर आवळला की आधी बादशहा आत जायचा, मग सरदार, शेवटी बाकीचे. अबुल फजल लिहितो, की अकबराने पाच दिवस बाण, तलवार, भाला, बंदूक सगळं चालवलं.

आता सांगा, यात पराक्रम कुठला? पळायची वाट बंद झाली तेव्हाच शिकार संपली होती.

मिस्किनाने हे लपवलेलं नाही. मध्ये घोड्यावर बादशहा, भोवती सैरावैरा धावणारी हरणं, त्यांच्यावर सोडलेले चित्ते आणि कडेला स्पष्ट कुंपण. दरबाराच्या पगारावर असूनही त्याने ते काढलं, म्हणून मी हे चित्र मोठं मानते.

असं कुंपण आपण बायकांनी नेमिनाथांच्या वरातीच्या चित्रात लहानपणापासून पाहिलंय. तिथेही जनावरं कोंडलेली आहेत. पण नेमिनाथ त्यांचा आक्रोश ऐकतात आणि रथ माघारी वळवतात. राजुल वाट पाहत राहते.

आणखी एक. हीरविजयसूरींमुळेच अकबराचं मन शिकारीवरून उडालं, असं आपल्या व्याख्यानांत हमखास सांगतात. सूरी दरबारात आले ते १५८३ मध्ये. त्याच्या पाच वर्षं आधी, १५७८ मध्ये, भेऱ्याजवळ कमरगाहची सगळी तयारी झालेली असताना अकबराने ती एकाएकी थांबवली आणि जनावरं मोकळी सोडायला लावली. पर्युषणातल्या हत्याबंदीचं श्रेय सूरींचं आहेच. भेऱ्याचंही आपल्याकडे कशाला ओढायचं? दया दुसऱ्याच्या घरीही जागी होते, हे मानायला आपलं काय जातं?

नेमिनाथांचं चित्र मुलांना दाखवाल तेव्हा हेही शेजारी ठेवा. बोट आधी कुंपणावर ठेवा, बादशहावर नंतर.