हिज गर्ल फ्रायडे

वृत्तपत्रव्यवसायातील निर्दय चढाओढीवरील प्रसिद्ध अमेरिकन विनोदी चित्रपट (१९४०). कोलंबिया पिक्चर्सची निर्मिती. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स (१८९६–१९७७), पटकथाकार चार्ल्स लेडरर. बेन हेक्ट व चार्ल्स मॅकार्थर यांच्या द फ्रंट पेज (१९२८) या नाटकावर तो आधारलेला आहे. हे दोघेही नाटककार पूर्वी शिकागोत वार्ताहर होते, हे संवादांतील माहीतगारीवरून सहज ओळखू येते. लूइस माइलस्टोनने १९३१ मध्ये याच नाटकावर चित्रपट काढला होता.

मूळ नाटकातील हिल्डी जॉन्सन हा वार्ताहर पुरुष आहे. हॉक्सने त्या जागी स्त्री आणली आणि तिला संपादक वॉल्टर बर्न्सची घटस्फोटित पत्नी केले. त्यामुळे नोकरी सोडणे व नवरा सोडणे हे दोन प्रश्न एक झाले. हिल्डी (रॉझलिंड रसेल) ब्रूस बाल्डविन (रॅल्फ बेलामी) या साध्या विमाविक्रेत्याशी विवाह करून आल्बनीला जाण्याच्या बेतात आहे. वॉल्टर (कॅरी ग्रँट) तिला फाशीच्या कैद्याची एक शेवटची मुलाखत घेण्यास भाग पाडतो आणि तिकडे ब्रूसला पुन्हापुन्हा तुरुंगात अडकवितो.

चित्रपटाची ख्याती त्याच्या वेगासाठी आहे. पात्रे एकमेकांचे बोलणे तोडत बोलतात; त्यासाठी वाक्यांच्या आरंभी व अखेरीस अनावश्यक शब्द योजलेले आहेत, म्हणजे ते झाकले गेले तरी अर्थ हरवत नाही. परंतु हा वेग केवळ गमतीचा नाही. फौजदारी न्यायालयाच्या इमारतीतील पत्रकार-कक्षात एकाच घटनेचे निरनिराळे वृत्तांत वार्ताहर दूरध्वनीवरून बिनदिक्कत कळवीत असतात. हिल्डी त्यांच्याहून हुशार व सहृदय. तरीही मुलाखतीत गुन्ह्याचा उलगडा तीच सुचविते आणि कैदी तो मुकाट्याने मान्य करतो. महापौर व शेरीफ यांना निवडणुकीसाठी फाशी हवी आहे, वॉल्टरला अंकासाठी कैदी हवा आहे. कैद्याची कोणालाच फिकीर नाही.

अपवाद मॉली मलॉयचा. कैद्याशी माणुसकीने वागलेली ही स्त्री वार्ताहरांचे लक्ष वळविण्यासाठी खिडकीतून खाली उडी घेते. क्षणभर कक्ष स्तब्ध होतो, वार्ताहर खिडकीशी धावतात, आणि चित्रपट तसाच पुढे निघतो. येथे काही समीक्षकांना दिग्दर्शकाचा निष्काळजीपणा जाणवतो. वास्तविक प्रेक्षकही पुढच्या विनोदाला हसतो, तेव्हा वार्ताहरांहून तो फारसा वेगळा उरत नाही. हॉक्सने त्याला ही सोय मुद्दाम दिलेली दिसते.

शेवटही वाटतो तितका सुखद नाही. वॉल्टर व हिल्डी पुन्हा एकत्र येतात, पण मधुचंद्राची वाट आल्बनीतील संपाच्या बातमीकडे वळते. वॉल्टर पुढे चालू लागतो व सामान हिल्डीलाच उचलावे लागते. रॉबिन्सन क्रूसोच्या विश्वासू सेवकावरून घेतलेले शीर्षक येथे बोचरे ठरते. ग्रँटच्या लाघवी अभिनयामुळे वॉल्टरचा दुष्टपणा काहीसा झाकला जातो, हे मात्र मान्य करावे लागते. रसेलने उभी केलेली हिल्डीच अधिक सच्ची आहे.

बिली वाइल्डरच्या १९७४ मधील चित्रपटात हिल्डी पुन्हा पुरुष झाला. १९९३ मध्ये हिज गर्ल फ्रायडेची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीसाठी निवड झाली.