खरे संगीत आणि दारावरचा माणूस

१३ ऑगस्ट १९७०. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, ‘प्रॉम्स’ ह्या अभिजात संगीताच्या जुन्या महोत्सवात त्या रात्री ‘सॉफ्ट मशीन’ हा रॉक वाद्यवृंद वाजवणार होता. त्याचा ड्रमवादक रॉबर्ट वायट सिगारेट ओढायला बाहेर आला. परत जाताना दारावरच्या माणसाने त्याला अडवले. मला आत वाजवायचे आहे, असे वायटने सांगितले. इथे खरे संगीत वाजते, असे त्याला ऐकावे लागले. किस्सा वायटनेच पुढे सांगितलेला आहे आणि तो गमतीचा आहे. मला मात्र हसू आले नाही. ‘खरे’ काय ते ठरवणारा हा माणूस साहित्याच्या दारात आपण अनेकदा पाहिला आहे.

त्याच वर्षी ह्या वाद्यवृंदाचा ‘थर्ड’ हा दोन तबकड्यांचा संच निघाला. चार बाजू, चार रचना. प्रत्येक रचना १८-१९ मिनिटांची. १९६७ च्या लंडनमधल्या सायकेडेलिक मैफलींतून आलेले हे लोक आता जॅझकडे वळले होते. जॅझ अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी घडवला, हे ऐकताना विसरून चालणार नाही. एल्टन डीनचा सॅक्सोफोन, ह्यू हॉपरचा बेस, माइक रॅटलेजच्या ऑर्गनचा करवतीसारखा सूर ह्यांची वीण घट्ट आहे. ‘फेसलिफ्ट’मध्ये तर मैफलीच्या ध्वनिफिती कापून जोडलेल्या आहेत, शेवटी उलट्या फिरवलेल्या आहेत. हे सारे कर्तृत्वाचे आहे. पण माझ्या मते ह्या संचाचा जीव तिसऱ्या बाजूवर आहे.

तिथे वायटचे ‘मून इन जून’ आहे. संचातले हे एकमेव गाणे. त्याच्या पूर्वार्धातली बहुतेक वाद्येही त्यानेच वाजवली आहेत. इंग्लंडचे अनेक रॉकगायक तेव्हा अमेरिकी उच्चार घेऊन गात. वायट आपल्या घरच्या उच्चारांत गातो. न्यूयॉर्ककडे राहून घरच्या पावसासाठी झुरतो, मध्येच साधे बोलल्यासारखे गातो. आवाज बारीक, थोडा कापरा. घोटून गुळगुळीत केलेला नाही. म्हणूनच तो खोटा वाटत नाही.

पुढे काय झाले? १९७१ च्या ‘फोर्थ’मध्ये गाणेच नाही. वाद्यवृंदाला निखळ वाद्यसंगीत हवे होते. त्याच वर्षी वायट बाहेर पडला. ज्यांच्या संगीताला दारावर खोटे ठरवले गेले, त्यांनीच आपल्यातल्या एका आवाजाला जागा ठेवली नाही. उंबरठा ओलांडणाराही दारवान होऊ शकतो.

हे मी कोणाला सांगतो आहे? माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने आपल्या आईच्या बोलीत लिहिलेली कविता मला दाखवली. मी तिच्या समासात लिहिले: ‘भाषा सुधारावी.’ तिसरी बाजू ऐकताना ते दोन शब्द मला पुनःपुन्हा दिसतात. अक्षर माझेच आहे.